अ‍ॅव्हरिल लव्हीनची कारकीर्द आणि कॅनडात रॉक गाणाऱ्या मुलीने आधी काय सांभाळावं

प्रश्न थोडक्यात असा: मिसिसागात राहणारं मराठी कुटुंब. मुलगी १७ वर्षांची, बारावीत, कॅनडाची नागरिक. इलेक्ट्रिक गिटार वाजवते, स्वतःची दहाएक रॉक गाणी लिहून तयार आहेत. काही गाण्यांच्या चाली पुण्याचा मावसभाऊ पाठवतो. आता ओळखीतल्या एकाने ‘मी मॅनेजर होतो’ म्हणत पाच वर्षांचा करार पुढे केला आहे. कॅनडियन रॉक गायिका अ‍ॅव्हरिल लव्हीनसारखी कारकीर्द घडते कशी, पैसे कशावर घालावेत आणि सही करावी की नाही, असं पालकांनी विचारलं आहे.

करारावर शेवटी येतो. आधी लव्हीन, कारण तिच्याबद्दल जी गोष्ट सांगितली जाते तिच्यात मधला महत्त्वाचा भाग गाळलेला असतो. सांगितली जाणारी गोष्ट अशी: नॅपनी नावाच्या ऑन्टारिओतल्या लहानशा गावातली मुलगी, रेडिओची स्पर्धा जिंकून ऑटवाच्या मोठ्या स्टेडियममध्ये कंट्री गायिका शनाया ट्वेनबरोबर गायली, सोळाव्या वर्षी न्यू यॉर्कमध्ये पंधरा मिनिटं गाऊन दाखवलं आणि अरिस्टा या रेकॉर्ड कंपनीच्या एल. ए. रीडने तिला करारबद्ध केलं. २००२ च्या जूनमध्ये ‘लेट गो’ आला आणि जगभर गाजला.

यातलं काही खोटं नाही. पण करार झाला २००० च्या नोव्हेंबरमध्ये आणि अल्बम आला २००२ च्या जूनमध्ये. मधल्या दीड वर्षात आधी बरेच दिवस गाणी सापडत नव्हती. ती लहानपणापासून चर्चमध्ये, जत्रांमध्ये, कंट्री गाणी गात आली होती. किंग्स्टनच्या एका पुस्तकांच्या दुकानात गाताना तिचे पहिले मॅनेजर क्लिफ फॅब्री यांनी तिला ऐकलं, तीही कंट्री गाणीच. घरच्या तळघरात कॅरिओकेवर गातानाच्या व्हिडिओ टेप त्यांनी कंपन्यांना पाठवल्या. म्हणजे कंपनीने घेतला तो आवाज. गाणी त्यात नव्हतीच. करार झाल्यावर न्यू यॉर्कमध्ये वेगवेगळ्या गीतकारांबरोबर तिला बसवलं, पण जे तयार होत होतं ते तिला तिचं वाटत नव्हतं. मग लॉस एंजेलिसला हलवलं. तिथे क्लिफ मॅग्नेसबरोबर जड गिटारची गाणी झाली आणि ‘द मेट्रिक्स’ या तिघांच्या चमूबरोबर ‘कॉम्प्लिकेटेड’, ‘स्केटर बॉय’ आणि ‘आय अ‍ॅम विथ यू’. तिची कारकीर्द उभी राहिली ती या तीन गाण्यांवर.

पुढे याच गाण्यांवरून वाद झाला. कोणी किती लिहिलं याबद्दल तिचं म्हणणं एक आणि त्या तिघांचं दुसरं, हे मासिकांत छापूनही आलं. वाद कोणाच्या बाजूने सुटला याला फारसा अर्थ नाही. गाण्याच्या नोंदीवर चौघांचीही नावं आहेत आणि पैसे नोंदीप्रमाणे जातात, मुलाखतींप्रमाणे नाही. दुसऱ्या अल्बममध्ये, २००४ च्या ‘अंडर माय स्किन’मध्ये, तो चमू नव्हता. त्यातली बरीच गाणी तिने विनिपेगच्या गायिका-गीतकार शांताल क्रेव्हियाझुकबरोबर लिहिली आणि तो अल्बम अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर आला.

मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं ते ‘ब्रेकअवे’चं. हे गाणं लव्हीनने ब्रिजेट बेनेनाटे आणि मॅथ्यू जेरार्ड यांच्याबरोबर ‘लेट गो’साठी लिहिलं. अल्बमच्या सुराशी जुळेना म्हणून बाजूला ठेवलं. ते वाया गेलं नाही. २००४ मध्ये अमेरिकन गायिका केली क्लार्कसनने ते एका चित्रपटासाठी गायलं आणि अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं. लव्हीनने त्यात गायकीचा सूर लावलेला नाही, तरी ते वाजतं तेव्हा तिच्या नावावर पैसे जमा होतात, कारण ती लेखक आहे. गाळलेल्या गाण्यातून एवढं होऊ शकतं, म्हणून तुमच्या मुलीच्या वहीतली दहा गाणी तिच्या गळ्याइतकीच जपा. माझं सगळं उत्तर याच एका मुद्द्याभोवती आहे.

एका ट्रॅकमध्ये दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक, गाणं: शब्द आणि चाल. दुसरी, त्या गाण्याचं रेकॉर्डिंग, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात. गाणं लिहिणाऱ्याचं, मास्टर सहसा रेकॉर्डिंगचा खर्च करणाऱ्याचं. दोन्हींचे पैसे वेगवेगळ्या नळांनी येतात. गाणं रेडिओवर, टीव्हीवर, मैफलीत, स्ट्रीमिंगवर वाजलं की लेखकाचा वाटा कॅनडात सोकॅन ही संस्था गोळा करते. गाण्याच्या प्रती निघतात, त्याचे पैसे सीएमआरआरए किंवा सोकॅनचाच पुनरुत्पादन विभाग गोळा करतो. रेकॉर्डिंग रेडिओवर किंवा दुकानात वाजलं की ‘री:साउंड’ ही तिसरी संस्था पैसे घेते आणि अर्धे मास्टरच्या मालकाला, अर्धे गायक-वादकांना देते. गायक-वादकांनी त्यासाठी एमआरओसी या संस्थेत किंवा अ‍ॅक्ट्रा या कलाकार-संघटनेच्या संबंधित विभागात नाव नोंदवावं लागतं. आपोआप काहीच होत नाही.

लेखकाचा नळ जाड का, त्याचं कारण कायद्यात आहे. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गायकाला छदामही नाही. तिथल्या कायद्यात ती तरतूदच नाही. कॅनडात गायकाला मिळतात, पण व्यावसायिक रेडिओ केंद्राच्या पहिल्या साडेबारा लाख डॉलर्सच्या जाहिरात उत्पन्नावर हे देणं वर्षाला फक्त १०० डॉलर्स आहे. लहान शहरांतली कितीतरी केंद्रं त्या मर्यादेच्या वर जातच नाहीत. लेखकाच्या वाट्याला अशी सूट नाही. म्हणून नुसती गाणारी आणि लिहून गाणारी यांच्या मिळकतीत इतका फरक पडतो.

आता कॅनडाचा खास भाग. १९७१ पासून इथल्या रेडिओला ठरावीक प्रमाणात कॅनडियन संगीत वाजवावंच लागतं. तेव्हा प्रमाण ३० टक्के होतं, १९९९ पासून व्यावसायिक केंद्रांना लोकप्रिय संगीतात आठवड्याला ३५ टक्के. आणि ते पहाटे तीन वाजता वाजवून उरकता येत नाही. सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळेतही ३५ टक्के भरावे लागतात. गाणं कॅनडियन ठरतं ते ‘मेपल’ पद्धतीने. चार अक्षरं, चार निकष: एम म्हणजे संगीत पूर्णपणे कॅनडियनाचं, ए म्हणजे मुख्य गायक-वादक कॅनडियन, पी म्हणजे सादरीकरण पूर्णपणे कॅनडात रेकॉर्ड झालेलं, एल म्हणजे शब्द पूर्णपणे कॅनडियनाचे. चारांपैकी दोन भरले की झालं. आणि इथे कॅनडियन म्हणजे फक्त नागरिक नाही, कायमचे रहिवासीही त्यात येतात. नुकत्याच आलेल्या मराठी कुटुंबांना हे बहुतेक वेळा माहीत नसतं. हे निकष सध्या सीआरटीसीच्या, म्हणजे रेडिओचे नियम ठरवणाऱ्या सरकारी मंडळाच्या, फेरविचारात आहेत, तेव्हा गाणं बाहेर काढण्याच्या वेळी चालू नियम एकदा बघून घ्या.

या नियमाची सगळ्यात गाजलेली फजिती म्हणजे रॉक गायक ब्रायन अ‍ॅडम्स. १९९१ चा त्याचा अल्बम कॅनडातल्याच नियमांनी कॅनडियन ठरला नाही. गाणारा अस्सल कॅनडियन, पण गाणी निर्माता मट लँगबरोबर मिळून लिहिलेली आणि लँग कॅनडियन नव्हे. त्यामुळे संगीत ‘पूर्णपणे’ कॅनडियनाचं नाही, शब्दही नाहीत, आणि रेकॉर्डिंगचं बरंच काम देशाबाहेर झालेलं. चारांपैकी एकच निकष हाती. एवढा गदारोळ झाला की १९९३ मध्ये नियम बदलला: १ सप्टेंबर १९९१ नंतरच्या गाण्यात ए किंवा पी यांपैकी एक निकष भरत असेल आणि परदेशी साथीदाराबरोबर लिहिणाऱ्या कॅनडियन लेखकाचा संगीत आणि शब्द दोन्हींत किमान ५० टक्के वाटा असेल, तर ते गाणं चालतं.

हे सगळं तुमच्या पुण्याच्या भाच्याला लावून बघा. समजा चाल त्याने आणि मुलीने मिळून केली, शब्द सगळे तिचे, गिटारचा एक भाग त्याने कोथरूडच्या घरी वाजवून पाठवला. एम गेलं, कारण संगीत पूर्णपणे तिचं नाही. पी गेलं, कारण सादरीकरण सगळं कॅनडात झालं नाही. उरले ए आणि एल. दोन भरले, गाणं कॅनडियन. आता समजा त्याने दुसऱ्या कडव्यात चार ओळी घातल्या. एलही गेलं, हातात एकटं ए. आता सगळी भिस्त ५० टक्क्यांच्या नियमावर. दोघांनी संगीतात आणि शब्दांत अर्धं-अर्धं लिहून दिलं असेल तर गाणं वाचतं. मुलीने प्रेमाने भावाला ‘तुझे ६०, माझे ४०’ करून टाकलं असेल तर कॅनडाच्या रेडिओसाठी ते परदेशी गाणं झालं. आणि हे टक्के बघतात ते सोकॅनसारख्या संस्थेच्या नोंदीत. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बोलण्याला तिथे काही किंमत नाही.

भाच्याने भारतात आयपीआरएसचं, म्हणजे तिथल्या सोकॅनसारख्या संस्थेचं, सभासद व्हावं. सोकॅन आणि आयपीआरएस एकमेकांच्या सभासदांचे पैसे पोचवतात. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा हक्क सोडून देता येत नाही, त्यामुळे ‘तुझं नाव नको, तुला हातात पाच हजार देतो’ हा घरगुती तोडगा पुढे दोघांनाही अडकवतो.

वाटणीचा कागद, म्हणजे स्प्लिट शीट, गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी भरायचा. एक पान पुरतं: गाण्याचं नाव आणि कामचलाऊ नाव, तारीख, प्रत्येकाचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव, कोणत्या संस्थेचा सभासद, त्याचा आयपीआय क्रमांक (लेखकाची ओळख पटवणारा), शब्दांत किती टक्के, संगीतात किती टक्के, सही. बेरीज बरोबर १०० यायला हवी. सोकॅनकडे अडकून पडणाऱ्या नोंदींत हेच फार दिसतं, दोघांनी वेगवेगळे टक्के भरले आणि बेरीज ११५ झाली. मग निर्णय होईपर्यंत पैसे थांबतात. ड्रम वाजवणाऱ्या मित्राला लेखक धरायचं की नाही हेही याच कागदावर ठरवा. ड्रमचा ताल गाण्याचा भाग सहसा मानत नाहीत, पण बँड एकत्र टिकवायचा असेल तर काही बँड सगळ्यांत सारखी वाटणी करतात. दोन्ही रीती चालतात, फक्त आधी ठरलेलं असावं.

शिवाय प्रत्येक गाण्याच्या कच्च्या प्रती तारखेसकट ठेवा: फोनवर गुणगुणलेलं, वहीचं पान, पहिला डेमो. २००७ मध्ये लव्हीनच्या ‘गर्लफ्रेंड’वर जुन्या गाण्याची नक्कल केल्याचा दावा झाला होता. २००८ च्या जानेवारीत तडजोड झाली आणि साम्य सर्रास वापरल्या जाणाऱ्या शब्दांमुळे आहे, असं दावा करणाऱ्यांनीच मान्य केलं. अशा वेळी गाणं टप्प्याटप्प्याने कसं घडलं हे दाखवता आलं तर वकिलाचं निम्मं काम होतं. आणखी एक, इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या बीटवर, म्हणजे तयार साथसंगीतावर, गाणं बांधू नका. तीच बीट दुसऱ्या चाळीस जणांनी घेतलेली असते. यूट्यूबची ओळख-यंत्रणा मग तुमच्याच गाण्यावर दुसऱ्याचा हक्क लावते, आणि बीट करणारा परदेशी असेल तर एम निकषही जातो.

सोकॅनच्या सभासदत्वाला लेखकाला फी नाही. एखादं गाणं प्रसिद्ध झालेलं किंवा जाहीरपणे वाजलेलं असावं लागतं. मुलगी १८ च्या आत असल्याने पालकांची सही लागेल. प्रकाशक नसेल तर प्रकाशकाचा वाटाही तिलाच मिळतो, म्हणून ‘प्रकाशन हक्क आमच्याकडे द्या’ म्हणणाऱ्याला तो बदल्यात नेमकं काय करणार हे विचारा. चांगला प्रकाशक खरंच उपयोगी असतो. अ‍ॅलानिस मोरिसेटचं बघा: ऑटवाची मुलगी, १९९१ आणि १९९२ मध्ये कॅनडापुरते दोन डान्स-पॉप अल्बम, दुसरा पहिल्याइतका चालला नाही आणि रेकॉर्ड कंपनीशी नातं संपलं. पण प्रकाशकाने तिला सोडलं नाही. तिची निर्माता-गीतकार ग्लेन बॅलार्डशी गाठ पडली आणि १९९५ मध्ये ‘जॅगेड लिटल पिल’ आला. गायिका म्हणून दार बंद झालं तेव्हा लेखिका म्हणून उघडं होतं.

आता पैसे कशावर घालायचे. दहा गाण्यांचा अल्बम अजिबात नको. तीन गाणी घ्या, आणि ड्रम सोडून बाकी सगळं घरीच करा. ड्रमसाठी बरा स्टुडिओ एक दिवस पुरतो, पण त्याआधी तिन्ही गाण्यांचा वेग ठरलेला, क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठोक्यांवर) कच्ची गिटार आणि कच्चा आवाज रेकॉर्ड केलेला हवा. हे न करता गेलात तर निम्मा दिवस ‘थोडं हळू की थोडं जलद’ यातच जातो आणि मीटर चालू असतो. सूर निवडतानाही घाई करू नका: कोरसचा सर्वांत वरचा स्वर तिला लागोपाठ तीनदा, उभं राहून, गिटार वाजवत लागला पाहिजे. एकदाच लागणारा स्वर रेकॉर्डिंगमध्ये चमकतो आणि चौथ्या कार्यक्रमात घसा बसवतो. अशा गाण्याची पट्टी अर्ध्या किंवा एका स्वराने उतरवा.

घरच्या तळघरात आवाज घेताना कॅनडाचा हिवाळा दोन प्रकारे नडतो. एक म्हणजे फर्नेस, घर तापवणारं यंत्र. थंडीत तो दर काही मिनिटांनी सुरू होतो आणि त्याचा घुमारा मायक्रोफोनमध्ये बसतो; ऐकताना कळत नाही, मिक्समध्ये आवाज वर नेला की कळतं. टेक घेताना थर्मोस्टॅट खाली करा आणि अर्ध्या तासाने आठवणीने पुन्हा वर. बाहेर उणे पंधरा असताना विसरलात तर पाण्याचे पाइप गोठण्यापर्यंत गोष्ट जाते. दुसरी अडचण कोरडी हवा. लाकडी गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. तापवलेल्या घरात ती २० ते २५ पर्यंत उतरते, मग फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात आणि अकूस्टिक गिटारची पाटी तडकू शकते. पेटीत आर्द्रतेची डबी ठेवायची आणि एक साधा आर्द्रतामापक.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर. तोंड मायक्रोफोनपासून १५ ते २० सेंटिमीटर, मधे पॉप फिल्टर. सर्वांत मोठा स्वर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. रॉक गाताना शेवटच्या कोरसला आवाज चढतो, म्हणून पातळी शेवटच्या कोरसवर लावायची, पहिल्या कडव्यावर नाही. मिक्स करणाऱ्याकडून मूळ गाण्याबरोबर गायनाशिवायची आवृत्ती आणि वेगवेगळे स्टेमही, म्हणजे आवाज, गिटार, ड्रम यांचे सुटे ट्रॅक, त्याच वेळी मागून घ्या. टीव्हीवाले, जाहिरातवाले गायनाशिवायची आवृत्ती मागतात, आणि दोन वर्षांनी मिक्सचं जुनं सत्र उघडायला गेलं की निम्मे प्लगइन सापडत नाहीत. स्टुडिओवाल्याकडून ‘मास्टर मुलीचं, स्टुडिओचा त्यावर हक्क नाही’ असं एका ओळीत लिहून घ्या. निर्माता मास्टरच्या उत्पन्नात टक्केवारी मागत असेल तर तीन-चार टक्के ही चालू रीत आहे. गाण्याच्या लेखनात त्याला वाटा द्यायचा तो त्याने खरंच लिहिलं असेल तरच.

गाणं वितरकाकडे, म्हणजे ते स्ट्रीमिंग सेवांवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, प्रसिद्धीच्या किमान चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे आपल्या गाण्याची शिफारस निदान सात दिवस आधी करावी लागते, पण सात दिवस म्हणजे फारच काठावर. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा, क्रमांक हवा. तोच क्रमांक री:साउंडच्या नोंदीत, वितरकाकडे आणि रेडिओला पाठवलेल्या फाइलमध्ये असला पाहिजे. तीन ठिकाणी तीन क्रमांक पडले की पैसे तीन वेगळ्या गाण्यांच्या नावाने भटकतात.

रेडिओला पाठवताना सुरुवात विद्यापीठांच्या केंद्रांपासून. टोरांटोचं सीआययूटी, किंग्स्टनचं सीएफआरसी, ग्वेल्फचं सीएफआरयू, ऑटवाचं सीकेसीयू. तिथे संगीत निवडणारी माणसं नवीन नावं मनापासून शोधत असतात आणि ३५ टक्क्यांचा नियम त्यांनाही आहे. ईमेलमध्ये गाण्याचं नाव, कालावधी, शिव्या आहेत की नाहीत आणि मेपलचे कोणते निकष भरतात हे पहिल्या चार ओळींत. चरित्र खाली.

कार्यक्रमांचं म्हणाल तर एक अडचण आधी लक्षात घ्या: ऑन्टारिओत दारूचं वय १९ आहे, क्युबेक, मॅनिटोबा आणि अल्बर्टात १८. बऱ्याच क्लबांत १९ खालच्या प्रेक्षकांना प्रवेश नसतो, म्हणजे तिच्या वर्गातल्या मैत्रिणीच येऊ शकत नाहीत. पुढची दोन वर्षं सर्व वयोगटांना खुले असलेले कार्यक्रम, शाळा, ग्रंथालयं, उन्हाळी रस्ता-जत्रा यांवरच भर द्या. मंडळाच्या गणपतीत गाणं वाईट नाही, माइकची सवय होते. पण तिथे ट्रॅकवर दुसऱ्यांची गाणी गाऊन कारकिर्दीच्या खात्यात काही जमा होत नाही. पंधरा मिनिटांतली दोन गाणी तरी तिची असू देत. स्वतःची गाणी गायलेल्या प्रत्येक कार्यक्रमाची गाण्यांची यादी, तारीख आणि जागेचा पुरावा सोकॅनकडे वर्षाच्या आत पाठवायचा. परवाना घेतलेल्या जागेत झालेल्या कार्यक्रमाचे पैसे लेखकाला मिळतात. रक्कम लहान असते, पण यादी पाठवली नाही तर शून्य.

देशभर दौऱ्याची घाई नको. टोरांटोहून मॉन्ट्रियल साडेपाचशे किलोमीटर, ते जमतं. पश्चिमेला मात्र थंडर बे १४०० आणि विनिपेग साधारण २२०० किलोमीटर, आणि मधे कमाई होईल अशी गावं फार थोडी. गाडी, पेट्रोल, मोटेल धरून नवख्या बँडचा हा पट्टा हमखास तोट्यात जातो. टोरांटो, हॅमिल्टन, ग्वेल्फ, लंडन, किंग्स्टन एवढ्याच वर्तुळात वर्षभर फिरणं बरं. प्रत्येक गावी तीन महिन्यांनी परत, आणि दर वेळी आधीपेक्षा थोडी जास्त माणसं.

अमेरिकेत पैसे घेऊन गायचं तर पर्यटक म्हणून सीमा ओलांडू नका. गाडीत अ‍ॅम्प्लिफायर आणि विकायचे टी-शर्ट दिसले की अधिकाऱ्याला सगळं कळतं, आणि एकदा परत पाठवल्याची नोंद बरीच वर्षं मागे लागते. रस्ता आहे तो पी-२ परवान्याचा, कॅनडियन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्समार्फत. आधी सभासदत्व, मग अर्ज, तीन-चार महिने हाताशी ठेवून. मुलगी नागरिक असल्याने मंजुरीचा कागद सीमेवर दाखवून जाईल. बँडमध्ये भारतीय पासपोर्टवाला कोणी असेल तर त्याला वकिलातीतून व्हिसाचा शिक्काही घ्यावा लागतो आणि दौरा बहुतेक तिथेच अडतो.

अनुदानात पहिलं नाव फॅक्टर, १९८२ पासूनची संस्था, रेडिओ कंपन्या आणि केंद्र सरकारच्या पैशावर चालते. शिवाय ऑन्टारिओ आर्ट्स काउन्सिल आणि कॅनडा काउन्सिल. अर्ज मंजूर होण्याआधी केलेला खर्च बहुधा धरला जात नाही, आणि पावत्या नसलेला तर कधीच नाही. रोख देऊन ड्रमर आणलात की तो खर्च हिशेबात नसल्यासारखाच. कराचं सध्या सोपं आहे: चार तिमाहींत मिळून ३०,००० डॉलर्सच्या आत उलाढाल असेल तर एचएसटीची (ऑन्टारिओतल्या विक्रीकराची) नोंदणी करावी लागत नाही.

रेकॉर्ड कंपनी दारात आली तर आकडे असे वाचायचे. समजा ३०,००० आगाऊ दिले आणि ४०,००० रेकॉर्डिंगवर खर्च केले. हे सत्तर हजार मुलीच्या वाट्यातून फेडायचे असतात, कंपनीच्या नाही. मास्टरमधून दोन लाख आले आणि तिचा वाटा १८ टक्के असेल तर तिच्या खात्यावर ३६,००० जमा. अजून ३४,००० बाकी, हातात काही नाही, आणि कंपनीकडे एक लाख चौसष्ट हजार आलेले. लेखनाचे पैसे या खड्ड्यात जाऊ नयेत म्हणून करारात एक वाक्य हवं: गाण्याच्या लेखनाचं उत्पन्न रेकॉर्डिंगच्या येण्याशी वळतं करता येणार नाही. हे वाक्य मिळत असेल तर टक्केवारीवर थोडं नमतं घेतलं तरी चालेल.

आता तो मॅनेजर. ऑन्टारिओत सज्ञान वय १८. त्याआधी केलेला करार पुढे मोडता येऊ शकतो, म्हणूनच समोरचा माणूस पालकांच्या सह्या मागतो, आणि त्या सह्यांनी तुम्ही स्वतः बांधले जाऊ शकता. पाच वर्षं फार झाली. पहिला करार एक वर्षाचा, आणि ठरावीक काम झालं तरच पुढे दोन. कमिशन १५ ते २० टक्के ही चालू रीत आहे, पण कशाच्या, ते लिहा: कार्यक्रमाच्या मानधनातून ध्वनिव्यवस्था, प्रवास आणि वादकांचे पैसे वजा करून उरेल त्यावर. अनुदानावर आणि रेकॉर्डिंगसाठी आलेल्या पैशावर कमिशन नाही. करार संपल्यावर त्याचं कमिशन कधी थांबणार हे कलम नसेल तर तिने दहा वर्षांनी लिहिलेल्या गाण्यावरही तो हक्क सांगू शकतो; त्याच्या काळात प्रसिद्ध झालेल्या गाण्यांवर पहिलं वर्ष पूर्ण, दुसरं वर्ष निम्मं, मग शून्य, असं काहीतरी घालून घ्या. लव्हीननेही पहिले मॅनेजर बदलून पुढे व्हँकुव्हरच्या ‘नेटवर्क’ नावाच्या कंपनीकडे काम दिलं. मॅनेजर बदलतात, ही या धंद्यातली रोजची गोष्ट आहे.

तुमच्या पत्रातल्या करारात आणखी एक ओळ आहे, ‘मॅनेजर हा प्रकाशक म्हणूनही काम पाहील आणि त्यास सर्व गाण्यांत ५० टक्के राहील’. ही ओळ पूर्णपणे काढायला सांगा. मग संगीत-कराराचं काम करणाऱ्या, त्याने सुचवलेल्या नव्हे, तुम्ही शोधलेल्या वकिलाकडून बाकीचा कागद वाचून घ्या. दोन-तीन तासांची फी पडेल, म्हणजे स्टुडिओच्या एका दिवसाच्या आसपास. ती ओळ काढायला तो तयार नसेल तर सही करू नका, आणि तोवर दहाही गाण्यांच्या वाटणीचे कागद भरा, ज्यांत भाच्याचा वाटा आहे ते त्याच्याकडून सही करून मागवून घ्या.